पहिली बादली

...आणि वर मलाच विचारतात, 'तुला इतक्या सकाळी गरम पाणी लागतंच कशाला?' कशाला म्हणजे? झाडांना घालायला! अहो, बाहेर धुकं असं की समोरच्या घराचं दार दिसत नाही, नळाखाली हात धरला तर हात आपला की शेजारणीचा ते कळत नाही, आणि अशा थंडीत एका बाईने आंघोळीला एक बादली गरम पाणी मागितलं... पहिली बादली, बरं का, तेवढाच माझा अपराध... तर यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, सासऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि चिरंजीवांनी कानातलं काढलं! कानातलं म्हणजे ते गाणी ऐकायचं, जे मी तीनदा जेवायला हाक मारली तरी निघत नाही, ते! तिघंही माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी बैठकीच्या खोलीत विहीर खणून मागितलीय. मी म्हटलं, थंडी काय एकट्या तुम्हालाच वाजते?

नाही, तुम्हीच सांगा. थांबा, तुम्हाला नीट सांगते, नाहीतर म्हणाल, ही बाई एका बादलीवरून एवढी का पेटलीय.

आमच्याकडे न्हाणीघर एक, गिझर एक आणि माणसं चार. गिझर माझ्याबरोबरच या घरात आला, तेव्हा मी नवी होते, तोही नवा होता, आता दोघांच्याही अंगातून आवाज येतात. टाकी एवढीशी. एकदा तापला की एक बादली देणार, मग दम खाणार चांगला अर्धा तास, मग दुसरी. म्हणजे पहिली बादली ज्याला मिळाली त्याची सकाळ झाली, आणि चौथी ज्याला मिळाली त्याची एकदम दुपार! आणि चौथी कुणाची? बरोबर ओळखलंत. पहिली यांची, कारण यांची नोकरी. हे पाणीपुरवठा खात्यात आहेत. गावभर पाणी सोडतात, पण घरात बायकोसाठी एक बादली सुटत नाही! दुसरी सासऱ्यांची, कारण त्यांचं वय. तिसरी चिरंजीवांची, कारण त्याची मीटिंग. तो घरूनच काम करतो, कॅमेऱ्यासमोर, आणि कॅमेऱ्यात दिसतो गळ्यापर्यंत. गळ्यापर्यंत माणूस दिसायला बादलीभर पाणी कशाला लागतं हो? एक तांब्या पुरे! पण नाही.

आणि इतकी वर्षं मी काही बोलले? अवाक्षर नाही. कारण मला कुठे जायचंच नव्हतं. सगळ्यांचे डबे भरून दिले, सगळे आपापल्या वाटेला लागले, की मी न्हायचे, निवांत. पण आता? आता मला जायचंय. मी कॉलेजात नाव घातलंय!

हसू नका. पन्नाशीला टेकले तेव्हा घातलं. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, लग्न ठरलं. माहेरचे म्हणाले, राहिलेलं सासरी पूर्ण कर. सासरचे म्हणाले, करशील गं, आधी ही एक थंडी जाऊ दे. एक थंडी गेली. मग दुसरी जाऊ दे, मग बाळ होऊ दे, मग बाळाचे दात येऊ देत, मग बाळाची शाळा, मग सासूबाईंचं आजारपण, आणि बाळाला दाढी आली तरी माझं दुसरं वर्ष तिथंच! शेवटी मी कुणालाच न विचारता गेले आणि नाव घालून आले. घरी सांगितलं तर हे म्हणतात, 'या वयात डिग्रीचा उपयोग काय?'

उपयोग! मी म्हटलं, तुम्ही रोज फिरायला जायचं म्हणून बूट आणलेत, ते बूट अजून दाराबाहेर पडलेले नाहीत, त्यांना विचारलं का मी उपयोग काय? तुमचे बाबा रोज शब्दकोडं अर्धंच सोडवतात आणि अर्ध्यावर झोपतात, त्यांना विचारलं? तुमच्या पोटाचा घेर वाढतोय, त्याचा उपयोग काय, असं माझ्या तोंडून कधी एका शब्दानं आलं का? माझं अर्धं राहिलंय, मला ते पुरं करायचंय. बस! दुसरं कारण नाही. इतकी वर्षं ते टोचतंय मला, गादीत खडा राहावा तसं, कुशी बदलली तरी टोचतंच. आता मी तो खडा काढणार म्हणजे काढणार.

तर कॉलेज. पहिलाच तास अर्थशास्त्राचा. साडेसातला! सकाळच्या! हिवाळ्यात! हे वेळापत्रक ज्याने केलं त्याला एकदा आमच्या वर्गात आणून बसवा. एका खिडकीला काच नाही, तिथे पुठ्ठा लावलाय, वारा आला की तो पुठ्ठा थडथडतो आणि पुठ्ठा थांबला की आम्ही थडथडतो. बाक लोखंडी. त्यावर बसायचं म्हणजे आधी मनाची तयारी, मग एक बाजू टेकवायची, मग देवाचं नाव घेऊन दुसरी. माझ्या शेजारी एक मुलगी बसते, तिला मी मफलर म्हणते, कारण मफलरातून तिचे फक्त डोळे दिसतात. अर्धं वर्ष संपत आलं, मी अजून तिचं नाक पाहिलेलं नाही. गोड आहे पण. 'काकू, पेन आहे? काकू, थोडं सरका ना, तुमच्याजवळ ऊब लागते.' म्हणजे कॉलेजात माझा उपयोग आहे बघा, घरीच कुणाला दिसत नाही!

आणि मॅडम. वयाने माझ्या धाकट्या बहिणीसारख्या, पण शिस्त अशी की साडेसात म्हणजे साडेसात. आत आल्या की दाराला कडी. नंतर कोणी येऊ दे, कुलगुरू येऊ देत! थंडी पडली त्या पहिल्याच आठवड्यात मी धापा टाकत पोचले तर दार बंद. मी वाजवलं. आतून आवाज... कसा? असा, थंडगार... 'कोण आहे? उशीर झालाय. बाहेर थांबा.' मी म्हटलं, मॅडम, घरी जरा... थंडीमुळे... तर आतून काय यावं? 'थंडी काय एकट्या तुम्हालाच वाजते?'

माझंच वाक्य! माझ्याच तोंडावर! आणि दाराच्या चुकीच्या बाजूला मी!

पण शिकवतात सुंदर. खोटं कशाला बोलू. पहिल्याच तासाला म्हणाल्या, 'माणसाच्या गरजा अमर्याद असतात आणि साधनं मर्यादित. अर्थशास्त्राची सुरुवात इथून होते.' मला जे हसू फुटलं! मॅडम म्हणाल्या, 'काय झालं? यात हसण्यासारखं काय आहे?' मी उभी राहिले, म्हटलं, काही नाही मॅडम, आमच्या न्हाणीघराचं इतकं अचूक वर्णन आजवर कुणी केलं नव्हतं. वर्ग हसला. मॅडम नाही हसल्या. पण तुम्हाला सांगते, क्षणभर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं... जाऊ दे, ते पुढे येईल.

तर प्रश्न पहिल्या बादलीचा. बोलणी केली, निष्पन्न काय? हे म्हणाले, 'अगं, माझी नोकरी आहे. तुझं काय, कॉलेजच तर आहे!' च तर! तो 'च तर' मी विसरणार नाही. मी म्हटलं, ठीक आहे, मग जो आधी उठेल त्याची बादली. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठून हळूच गेले तर न्हाणीघरात दिवा! हे आत! रोज मी हलवून हलवून थकते तेव्हा हलणारा हा माणूस, बादलीसाठी आपणहून उठला! मग मी त्याच्याही आधी उठले. तर सासरे आत! 'मला मेली झोपच लागत नाही गं सूनबाई, म्हटलं उरकून घ्यावं.' मग मी त्यांच्याही आधी. असं करत करत आमचं घर इतकं आधी उठायला लागलं की दूधवाला घाबरला. म्हणाला, 'ताई, घरात कोणी आजारी आहे का?' मी म्हटलं, आजारी नाही रे बाबा, घरात स्पर्धा आहे!

आणि त्यात गंमत ऐका. आत जागा धरून कुणीही बसो, पाणी तापवायचं कोणी? मीच! आमच्या गिझरचं कसं आहे, बटण दाबलं की लाल दिवा लागतो, पण पाणी तापत नाही. त्याला डाव्या कुशीवर, खालच्या अंगाला, तळहाताने एक थाप द्यावी लागते. जोरात नाही, हळू नाही, झोपलेल्या मुलाला उठवतो तशी. मग तो घुर्र करतो आणि कामाला लागतो. ती थाप घरात फक्त मला येते. हे गेली कित्येक वर्षं म्हणतायत, 'उद्या मेकॅनिकला बोलावतो.' तो उद्या अजून उगवायचाय. तोवर काय, 'अगं, जरा गिझरला हात लाव गं!' मी झोपेतून उठून थाप मारायची आणि हे आयत्या बिळावर नागोबा! वर मी म्हटलं, अहो, आज तरी मला जाऊ द्या, तर आतून दात वाजवत म्हणतात, 'फार थंडी आहे गं आज.' अहो, थंडी काय एकट्या तुम्हालाच वाजते?

एका सोमवारी मॅडमनी मक्तेदारी शिकवली. मक्तेदारी म्हणजे, एखादी वस्तू बाजारात एकाच माणसाकडे असते, दुसऱ्या कुणाकडेच नसते, मग तो म्हणेल ती किंमत आणि तो म्हणेल ती वेळ. मी लिहून घेतलं. गप्प लिहून घेतलं हो, डोक्यात काही आलं नाही. कारण थंडीत माझं डोकं दहानंतर चालायला लागतं.

आणि मंगळवारी तो प्रकार झाला. मी उठले, थाप मारली, घुर्र झालं, म्हटलं पाणी तापतंय तोवर डबे भरावेत. डबे भरून येते तर न्हाणीघर आतून बंद! आत सासरे. ते निवृत्त कवायत-मास्तर, आंघोळसुद्धा हुकुमावर करतात. 'एक!' तांब्या. 'दोन!' तांब्या. मी दार वाजवलं, बाबा, माझा तास आहे हो! 'आलोच सूनबाई, पाठ राहिलीय... उजवी बाजू... एक!' त्यांची पाठ म्हणजे मैदानच, ती संपेचना. मी अंगाला थंड पाणी तसंच फासलं, ओल्या अंगावर साडी गुंडाळली, स्वेटर उलटा घातला तो उलटाच, आणि पळत सुटले. गेले तर कडी लागत होती. माझ्या डोळ्यांसमोर! फटीतून मला मफलरचे डोळे दिसले. मग दार बंद.

तास संपल्यावर मॅडम बाहेर आल्या. म्हणाल्या, 'हे बघा, तुम्ही मोठ्या आहात, मला सांगायला बरं वाटत नाही. पण तुमची हजेरी काठावर आलीय. आता एकदा जरी बाहेर राहिलात, तर तुम्हाला परीक्षेला बसता येणार नाही. माझा नाइलाज आहे.'

परीक्षेला बसता येणार नाही. मी जिन्यात बसले आणि रडले. खरं सांगते. दुःखाने नाही, संतापाने! की बाई, तू लग्न निभावलंस, म्हातारपण निभावलंस, दुसऱ्यांचं, आणि अडलीस कशावर तर एका बादलीवर? लोकांची शिक्षणं दुष्काळात बुडतात, लढायांत बुडतात, माझं सासऱ्यांच्या पाठीवर बुडणार? नाही! मी जिन्यात उभी राहून मोठ्यानं म्हणाले, नाही! एक शिपाई वर चढत होता, तो तसाच खाली उतरला.

आणि तिथे, त्या जिन्यात, डोकं चाललं. दहा वाजले असणार. सोमवारचा तास! वस्तू एकाच माणसाकडे... दुसऱ्या कुणाकडेच नाही... अहो, ती थाप! ती थाप कुणाला येते? मला! म्हणजे मी कोण? मक्तेदार! मी इतकी वर्षं मक्तेदार होते आणि चौथी बादली घेत होते! यापेक्षा वेडी बाई तुम्ही बघितलीय का?

बुधवारी मी उठले, रांगेत हे, सासरे, चिरंजीव, तिघांच्या खांद्यावर टॉवेल. मी सरळ आत गेले, कडी लावली, थाप मारली, पाणी तापेपर्यंत आतच स्टुलावर बसून धडा वाचला, न्हाले, बाहेर आले आणि म्हटलं, मी निघाले. हे म्हणाले, 'अगं, थाप?' मी म्हटलं, संध्याकाळी बघू. 'अगं, पण आम्ही?' मी म्हटलं, थंड पाणी आहे ना नळाला, तुमच्याच खात्याचं! आणि निघाले. साडेसातच्या आत वर्गात! मफलर म्हणाली, 'काकू, आज तुम्ही चमकताय.' मी म्हटलं, चमकणार नाही तर काय, गरम पाण्याची बाई आहे मी!

दिवसभर मी मनातल्या मनात यांचं बोलणं तयार करत होते. 'चुकलो गं, आजपासून पहिली बादली तुझी.' मी काय उत्तर देणार तेही ठरलं होतं. थोडं ताणून धरणार होते. संध्याकाळी घरी आले, दार उघडलं... आणि खोकलाच आला. घरात पावडरचा ढग! त्या ढगात तिघंही मजेत बसलेले. कुणीच आंघोळ केली नव्हती!

सासरे म्हणतात कसे, 'सूनबाई, खरं म्हणजे थंडीत अंगाला रोज पाणी लावूच नये. कातडीचं तेल जातं. माणूस ठिसूळ होतो.' हे म्हणाले, 'हो गं, आणि स्प्रे मारला की कळत नाही कुणाला.' चिरंजीव म्हणाले, 'आई, मी तर गळ्यापर्यंतच असतो ना!' बघा! जे वाक्य मी इतके दिवस सांगत होते, ते आता हा मला ऐकवतो! म्हणजे एवढे दिवस ज्या बादलीसाठी माझं शिक्षण पणाला लागलं होतं, ती बादली यांना नकोच होती? आळस आडवा आला की बादली गेली खड्ड्यात?

दुसऱ्या दिवशी मफलरला सांगितलं, तर ती म्हणाली, 'काकू, पण मंगळवारी मॅडमनी तेच शिकवलं ना! की मक्तेदाराच्या वस्तूला पर्याय निघाला की त्याची मक्तेदारी संपते.' पाहिलंत? नेमका तोच तास माझा बुडाला होता! आणि कुणामुळे बुडाला? सासऱ्यांच्या पाठीमुळे!

असो. मला काय, मला पाणी मिळालं. रोज पहिली बादली, रोज वेळेवर. कडी लागायच्या आत मी बाकावर, एक बाजू टेकवून. पण घर... काय सांगू तुम्हाला! एक दिवस ठीक, दोन दिवस ठीक. मग पडदेसुद्धा बोलायला लागले. यांच्या ऑफिसातल्या शेजाऱ्याने या थंडीत खिडकी उघडून ठेवली म्हणे. हे म्हणतात, 'विचित्र माणूस आहे.' मी पुस्तकात डोकं घातलं. मी शिकत होते.

आणि अशात नणंदेचा फोन. 'दादा, उद्या सकाळी आठला पोचते.' आमच्या नणंदबाईंचं नाक तुम्हाला माहीत नाही. फाटकातून आत येताना सांगतात, घरात काल काय शिजलं होतं. यांचा चेहरा पांढरा. सासऱ्यांनी स्वतःच्या खांद्याचा वास घेऊन बघितला आणि चष्मा काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी उठते तर काय, दाराशी तिघंही उभे! टॉवेल, साबण, घासणी, सगळा जामानिमा. बाहेर थंडी अशी, या हिवाळ्यातली सगळ्यात मोठी. हे हात जोडून म्हणाले, 'अगं, आजचा दिवस! फक्त आजचा दिवस आम्हाला आधी जाऊ दे. एक तास बुडला तर काय होतंय?'

आजचा दिवस! अहो, आजचा दिवस, आजचा दिवस करत माझं अर्धं आयुष्य गेलं, एकेक करून, सुट्ट्या पैशांसारखं! मी म्हटलं, आज मी बाहेर राहिले तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर हे सगळं परत शून्यावर. मी नाही थांबणार. हे म्हणाले, 'अगं, पण थंडी बघ किती...' मी म्हटलं, थंडी काय एकट्या तुम्हालाच वाजते? आणि आत जाऊन कडी लावली!

बाहेरून ठोठाव ठोठाव. 'अगं, बहीण येतेय माझी!' मी म्हटलं, येऊ देत! तांब्या. 'सूनबाई, माझ्या वयाकडे बघ!' मी म्हटलं, बाबा, माझ्याही वयाकडे बघा! तांब्या. 'आई, वाफ तरी सोड जरा बाहेर!' मी आतून मोठमोठ्याने व्याख्या म्हणायला लागले. मागणी म्हणजे काय! पुरवठा म्हणजे काय! शेवटचा तांब्या ओतला तेव्हा सांगते, राणीला असं वाटत नसेल.

बाहेर आले. तिघं भिंतीला टेकून उभे, केस विस्कटलेले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. आणि माझ्या मनात आलं, की आठला नणंदबाई येणार, नाक वर करणार आणि म्हणणार काय? 'वहिनींचं घराकडे लक्ष नाही, कॉलेजात जातात ना!' वास यांचा, नाव माझं! मी म्हटलं, या इकडे. तिघंही या. हात पुढे करा. ही डावी कूस, हे खालचं अंग, जोरात नाही, हळू नाही. सासऱ्यांनी पहिली थाप मारली ती अशी कवायतीची की गिझर दचकला. मी म्हटलं, बाबा, तो विद्यार्थी नाही! दुसऱ्या खेपेला जमलं. घुर्र झालं. त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर जो आनंद फुलला म्हणून सांगू! माझी मक्तेदारी मी अशी फुंकून टाकली आणि पळाले.

पोचले, दार उघडं. आत सगळे होते, मॅडम नव्हत्या. साडेसात वाजले. मॅडम नाहीत. साडेसात उलटून गेले. मफलर उठली, दारापाशी गेली आणि तिने घातली कडी! 'नियम म्हणजे नियम,' म्हणाली. वर्ग खूश. कुणीतरी बाक वाजवला. आणि तेवढ्यात टक् टक्.

पुन्हा टक् टक्. 'अरे, उघडा... मी आहे.' मॅडमचा आवाज! कुणाची हिंमत होईना, सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उठले, दाराशी गेले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं हो, ठरवून नाही, आलंच तोंडात... म्हटलं, उशीर झालाय. थंडी काय एकट्या तुम्हालाच वाजते?

मला वाटलं, संपलं. हजेरीही गेली, परीक्षाही गेली, हात दाखवून अवलक्षण! आणि मग दाराच्या फटीतून हळू आवाज आला, वर्गाला ऐकू जाऊ नये असा, फक्त मला... 'तसं नाही हो. आमच्याकडे सगळ्यांचं झालं की मला पाणी मिळतं.'

मी कडी काढली. मॅडमचे केस ओले होते, पदर ओला होता, ओठ निळे पडले होते. एवढी शिकलेली बाई! मला शिकवणारी! तिच्याही घरी चौथी बादली! घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, पण गिझरसुद्धा घरोघरी तसेच, हे मला त्या दिवशी कळलं. मी माझी शाल काढली आणि त्यांच्या खांद्यावर टाकली. त्यांनी नको म्हटलं नाही. दात वाजत होते, बोलणार कशा?

मग त्यांनी हजेरी घेतली. माझा नंबर आला, मी म्हटलं, हजर! असं म्हणाले की पुठ्ठा खिडकीतून पडला. मॅडम माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, 'तुम्ही परीक्षेला बसणार.' आणि शाल घट्ट ओढून घेत वर्गाला म्हणाल्या, 'थंडी संपेपर्यंत हा तास आता साडेनऊला होईल. मी ऑफिसात बोलते.' वर्गाने जो जल्लोष केला! मफलर नाचली. मीही टाळ्या वाजवल्या, सगळ्यांच्या वर वाजवल्या. म्हटलं, जिंकलो आपण!

घरी गेले. सगळे न्हाऊन-माखून, भांग पाडून, नणंदबाईंसमोर ओळीने बसलेले. नणंदबाई दीर्घ श्वास घेऊन म्हणाल्या, 'वहिनी, घर किती प्रसन्न ठेवलंय!' मी म्हटलं, परीक्षेला बसतेय मी! आणि तास आता साडेनऊला! हे उठून उभे राहिले, एवढा आनंद झाला या माणसाला, मी चकित! म्हणाले, 'साडेनऊला? अरे वा! मग तुला काय घाई? आमचं सगळ्यांचं होऊ दे, मग तू निवांत कर की!' सासरे म्हणाले, 'आणि सूनबाई, थापेसाठी तुला आता उठायलाही नको. मला येते.' आणि नणंदबाई म्हणाल्या, 'मी काय म्हणते, थंडी संपेपर्यंत राहीन म्हणते. माझी दुसरी बादली ठेवा.'

म्हणजे चौथी होती, ती पाचवी झाली!

पण मी सोडते का? मी रोज रांगेत उभी असते, शेवटची, बादली पायाशी आणि पुस्तक हातात. सासऱ्यांच्या पाठीला एक धडा होतो. नणंदबाईंना केस धुवायचे असतील त्या दिवशी दोन होतात. करणार काय? पण तुम्हाला सांगते, ही माणसं याच वेगाने आंघोळी करत राहिली ना, तर बी. ए.चं काय घेऊन बसलात... मी एम. ए.सुद्धा होईन!